नळीवरचे आकडे : जुन्या शिकारी रायफलीचा सातबारा

वाचकहो, शेतजमीन विकत घ्यायची म्हटली की आपला साधा शेतकरीसुद्धा आधी काय विचारतो? सातबारा दाखवा म्हणतो. तो पाहिल्याशिवाय इसाराचा रुपया कोणी हातावर ठेवीत नाही. पण जुनी शिकारी रायफल घ्यावयाची वेळ आली की हाच चाणाक्ष गृहस्थ दस्त्याच्या अक्रोडी लाकडावरून हात फिरवतो, रायफल खांद्याला लावून दुकानातल्या घड्याळावर नेम धरतो, विलायती कारागिराचे नाव वाचून खूष होतो आणि एकदम किंमत विचारतो! रायफलीलाही सातबारा असतो. तो तिच्या नळीवर कोरलेला असतो, बारीक आकड्यांत आणि शिक्क्यांत. तो कसा वाचावयाचा आणि त्यात आपल्या देशाचा कोणता इतिहास दडला आहे, हे आज सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, शिकार तर केव्हाच बंद झाली, मग हा उपद्व्याप कशाला? शंका रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघासारखी जनावरे शिकाऱ्याच्या हातून काढून घेतली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर उरलीसुरली शिकारही जवळजवळ संपली. जनावर माणसाच्या जिवावर उठले किंवा पिकाची नासाडी करू लागले, तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने काय होईल तेवढेच. हे योग्यच झाले. परंतु शिकार संपली म्हणून रायफली संपल्या नाहीत. आजोबांची रायफल नातवाकडे येते, कोणी ती विकतो, कोणी निशाणबाजीच्या हौसेने घेतो. शिवाय १९८० नंतरच्या दशकात परदेशी हत्यारांची सर्वसाधारण खाजगी आयात थांबल्यामुळे, आपल्याकडे विक्रीला येणारी विलायती शिकारी रायफल बहुधा जुनीच असते. जुनी म्हणजे किती जुनी, आणि तिच्यात कोणते काडतूस घालावयाचे, हा प्रश्न मग जिवाशी येतो.

पहिली गोष्ट अशी की, हिंदुस्थानात रायफलीचे माप शिकाऱ्याने क्वचितच ठरविले. ते ठरविले सरकारच्या भीतीने. या भीतीची सुरुवातसुद्धा एका काडतुसापासूनच झाली. १८५७ साली एन्फिल्ड बंदुकीचे कागदी काडतूस दाताने तोडावयाचे होते, आणि त्याला लावलेल्या चरबीवरून काय भडका उडाला, ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तो वणवा विझल्यावर राज्यकर्त्यांनी एक धडा घेतला : या देशात कोणाच्या हाती कोणती बंदूक आहे, याची नोंद सरकारदरबारी असलीच पाहिजे. त्या धड्याचे पक्के रूप म्हणजे लॉर्ड लिटनच्या अमदानीतला १८७८ चा हत्यारांचा कायदा. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला होता. लेखणी आणि बंदूक यांना एकाच वर्षी वेसण घातली गेली म्हणा ना! वृत्तपत्रांचा कायदा रिपनसाहेबांच्या काळात गेला. हत्यारांचा मात्र १ ऑक्टोबर १९६२ पर्यंत टिकला. त्यात बंदुकीला परवाना आवश्यक ठरला, आणि गोऱ्या माणसाला परवान्यातून सूट मिळाली. रानडुकरे ज्याच्या शेतात शिरत त्याने ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीचे उंबरठे झिजवावेत, आणि साहेबाने नुसत्या हौसेखातर रायफल बाळगावी, असा तो न्याय होता. वंशावर बेतलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले तेव्हा निघाली.

परवाना कोणाला द्यावयाचा, हा झाला एक भाग. दुसरा भाग अधिक चतुराईचा होता, आणि त्याचे ठसे आजही नळीवर दिसतात. सरकारने असा विचार केला की, बंदूक एकदा हाती पडली तरी काडतुसाविना ती लोखंडाची काठीच. तेव्हा फौजेच्या बंदुकीत जे काडतूस चालते, ते खाजगी रायफलीत चालता कामा नये. नाहीतर एकीकडून काडतूस चोरीला जाईल आणि दुसरीकडे बार उडेल!

याची दोन उदाहरणे पाहा. १८७१ पासून ब्रिटिश फौजेत मार्टिनी-हेन्री ही रायफल होती. तिच्या गोळीचे माप .४५० इंच. फौजेने पुढे ती बदलली, पण वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती आणि तिकडे सुदानात त्या रायफली पुष्कळ राहिल्या. इकडे १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कारखान्याने मोठ्या शिकारीसाठी .४५० मापाचे नवे जबरदस्त काडतूस काढले. हत्ती, गवा, वाघ यांसाठी ते फार नावाजले. पण सरकारला घोर लागला. शिकाऱ्याच्या काडतुसातली .४५० ची गोळी काढून कोणी मार्टिनीच्या काडतुसात भरली तर? झाले, १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात खाजगी माणसाला .४५० माप वर्ज्य ठरले. विलायतेतले बंदूकवाले मोठे व्यवहारी. त्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवनवीन मापे काढून बाजारात आणली. गव्याला किंवा हत्तीला .४५० आणि .४७० यांतला फरक कळण्याचे काहीच कारण नव्हते. तो फक्त कलेक्टर कचेरीला कळत होता. आज कोणाच्या घरी .४७० ची दुनळी रायफल असली, तर तिच्या नळीवरचा तो आकडा म्हणजे सरहद्दीच्या धास्तीचा पुरावा आहे, असे खुशाल समजावे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. १८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने .३०३ हे माप स्वीकारले. हीच आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पुढे कितीतरी वर्षे दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’. हे माप फौजेचे म्हणून खाजगी माणसाला बंद. मग मध्यम शिकारीसाठी त्याने घ्यावे काय? यावर जो तोडगा निघाला तो मोठा मजेदार आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे १८९० च्या सुमाराचे आठ मिलिमीटरचे मानलिखर काडतूस होते. आठ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच. त्या काडतुसाची रायफल हिंदुस्थानात कोणत्याच फौजेकडे नव्हती, त्यामुळे त्याची चोरी होऊन बंडखोराला काही उपयोग होण्याची धास्ती नव्हती. शिवाय त्याच्या बुडाला .३०३ सारखीच कडा होती, त्यामुळे ली-एन्फिल्डच्या धर्तीच्या रायफलीत ते चांगले बसे. बर्मिंगहॅमच्या बीएसएने अशा रायफली केल्या, आणि पुढे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने त्याच मापाची शिकारी रायफल बनविली. तीच आपली ‘तीनशे पंधरा बोअर’. व्हिएन्नाच्या शिपायाचे काडतूस आपल्याकडच्या रानडुकरासाठी का, या कोड्याचे उत्तर हे असे आहे.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याहून लोणावळ्याकडे लोकलने जाताना खडकी लागते. याच खडकीच्या मैदानावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. पुढे तेथे छावणी बसली आणि १८६९ मध्ये काडतुसांचा कारखाना निघाला. जुन्या काडतुसाची पितळी पुंगळी उलटी करून तिच्या बुडावरचा शिक्का पाहा. ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरे असली तर ती ‘किर्की फॅक्टरी’ची, म्हणजे आपल्या खडकीची. २०२१ मध्ये या सरकारी कारखान्यांची कंपन्यांत विभागणी झाली. खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला आणि इच्छापूरचा दुसऱ्या एका सरकारी कंपनीकडे.

इंग्रज गेले, मग ही मापांची भीती गेली का? नाही. १९५९ मध्ये आपल्या संसदेने नवा हत्यार कायदा केला. तो आणि त्याखालचे नियम १९६२ मध्ये अंमलात आले. त्या नियमांत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर या मापांच्या रायफली तर प्रतिबंधित ठरल्याच, पण फौजेचे काडतूस ज्या ज्या रायफलीत बसेल आणि उडेल, ती प्रत्येक रायफल प्रतिबंधित, असेही त्यात घातले. म्हणजे कसोटी नावाची नसून काडतूस बसण्याची! २०१६ मध्ये जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आले, पण प्रतिबंधित माप ही कल्पना कायम आहे. स्वराज्यातले सरकारसुद्धा आपले काडतूस दुसऱ्याच्या नळीत जाऊ देत नाही. याला केवळ इंग्रजांची नक्कल म्हणून हसण्यात अर्थ नाही. कोणत्याही राज्यकर्त्याला ही काळजी असतेच. पण जुनी रायफल घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की नळीवरचा आकडा परवान्यावरच्या आकड्याशी आणि तो परवाना कायद्याशी जुळला पाहिजे. न जुळला तर आपण रायफल नव्हे, खटला विकत घेतला.

आता इतिहासाचा दुसरा पदर पाहू. हा दारूचा आहे, आणि जिवावर बेतते ते येथेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सगळ्या बंदुका काळ्या दारूवर चालत. बार काढला की धुराचा लोट उठे आणि जनावर पडले की पळाले हेही क्षणभर दिसत नसे. १८८९ मध्ये इंग्लंडात कॉर्डाइट नावाच्या निर्धूम दारूचे पेटंट झाले आणि दहा वर्षांत शिकारीचे शास्त्र बदलले. ही दारू थोडी पुरे, धूर जवळजवळ नाही, आणि जोर मात्र काळ्या दारूहून कितीतरी अधिक. रिग्बीचे .४५० चे काडतूस याच दारूचे होते. पण कारागिरांनी त्यासाठी नवी पुंगळी घडविली नाही. काळ्या दारूच्या जुन्या.४५० काडतुसाची सव्वातीन इंची पुंगळीच घेतली आणि तिच्यात कॉर्डाइट भरले. परिणाम काय झाला, पाहा. कॉर्डाइटचे काडतूस काळ्या दारूसाठी केलेल्या जुन्या रायफलीत अगदी सुखाने जाऊन बसते! ते बसले म्हणून चालते असे ज्याने मानले, त्याच्या हाताची आणि डोळ्यांची खैर नाही. जुन्या नळीला तो जोर सोसवत नाही.

मग ओळखावे कसे? येथे विलायती शिस्त आपल्या उपयोगी पडते. इंग्लंडात लंडन आणि बर्मिंगहॅम येथे नळ्यांची परीक्षा घेणाऱ्या संस्था आहेत. बर्मिंगहॅमची १८१३ सालची, लंडनची त्याहून जुनी. तेथे जादा जोराचा बार काढून नळी तपासतात आणि उतरली तरच तिच्यावर शिक्का मारतात. निर्धूम दारूच्या परीक्षेचा शिक्का असतो ‘एनपी’ या इंग्रजी अक्षरांचा. पुष्कळ नळ्यांच्या बुडाशी दारूचे आणि गोळीचे वजनही कोरलेले सापडते. .४५० च्या कॉर्डाइट रायफलीवर ‘कॉर्डाइट ७०, ४८०’ अशा अर्थाचा मजकूर असतो. म्हणजे दारू सत्तर ग्रेन, गोळी चारशे ऐंशी ग्रेन, याच्या वर जाऊ नये. आमच्या विद्यार्थ्यांना मी शिलालेख वाचताना सांगतो की, आधी अक्षर पाहा, मग अर्थ लावा. येथेही तेच. ‘एनपी’ नसेल तर ती नळी काळ्या दारूची समजावी आणि जाणत्या बंदूकमिस्त्रीने पाहिल्यावाचून तिच्यात काडतूस घालू नये.

आकड्यांची आणखी एक खोड सांगतो. नळीवरचा आकडा हे काडतुसाचे नाव असते. त्याला गोळीची खरी जाडी समजू नये. .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाच्या आसपास असते, .३१५ ची .३२३ च्या आसपास. कारण आकडा बहुधा नळीच्या आतल्या उंचवट्यांपासून मोजलेला असतो, आणि गोळी तर खाचांतही दबून बसावी लागते. उलट एकाच काडतुसाला दोन नावेही असतात. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी रिग्बीची .२७५ ची रायफल भेट दिली होती. तिचे काडतूस म्हणजे जर्मनांचे सात मिलिमीटर मौझर, इंग्रजी पोशाख चढवलेले! तेव्हा दुकानात ‘सात मिलिमीटर’ आणि ‘.२७५ रिग्बी’ अशी दोन नावे ऐकून गोंधळू नये.

याच्या नेमके उलट ‘आठ मिलिमीटर’चे. नाव एक आणि काडतुसे अनेक! आपले तीनशे पंधरा हे आठ मिलिमीटर, आणि जर्मन मौझरही आठ मिलिमीटर, पण एकाचे काडतूस दुसऱ्याचे नव्हे. त्यात मौझरमध्येच दोन जाती आहेत. १८८८ ची गोळी .३१८ इंचाची, आणि १९०५ मध्ये जर्मनांनी गोळी जाड करून .३२३ केली. जाड गोळी जुन्या अरुंद नळीत कोंबली तर दाब भलताच वाढतो. म्हणून विकणारा नुसते ‘आठ एमएम आहे साहेब’ म्हणाला, तर ‘कोणते आठ?’ असे विचारण्याचा संकोच करू नये. खात्री न पटल्यास मिस्त्रीकडून काडतूस बसते त्या घराचा ठसा घेऊन मोजून घ्यावे.

आता गोळीच्या टोकाविषयी. शिकारी गोळ्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक पूर्ण कवचाची, कठीण. ती आरपार जाते. दुसरी मऊ टोकाची, शिसे उघडे ठेवलेली. ती जनावराच्या अंगात फुलते आणि घाव मोठा करते. शिकारीच्या दिवसांत हरीण, डुक्कर, वाघ यांना मऊ टोकाची गोळी आणि हत्ती, गवा अशा जाड कातड्याच्या व हाडांच्या जनावराला कठीण गोळी, असा संकेत होता. त्यामागे दयेचाही विचार होता, कारण जखमी होऊन रानात शिरलेले जनावर स्वतः तळमळते आणि गावालाही धोका होते. या मऊ गोळीचे जगप्रसिद्ध नाव आपल्याच देशातले आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ ची अशी गोळी तयार केली, कारण सरहद्दीवरच्या लढाईत कठीण गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो धावतच राहतो, अशी शिपायांची तक्रार होती. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशी गोळी वापरण्यास मनाई केली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली. जनावरावर चालणारी गोळी माणसावर चालवू नये, हा भेद तेथून कायद्यात आला.

विलायती काडतूस आपल्या हवेतही नीट पारखावे लागे. कॉर्डाइट तापले की त्याचा जोर वाढतो. म्हणून विलायतेतले कारखाने हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी थोडी कमी दारू भरून वेगळी काडतुसे करीत. वैशाखाच्या उन्हात मोटारीत तापलेले काडतूस आणि गार कपाटातले काडतूस एकसारखे वागेल, असे मानू नये.

शेवटी नळीचे आरोग्य. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असे आणि बार उडाल्यावर त्याचे मीठ नळीत राही. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून जुने जाणते शिकारी संध्याकाळी नळीत आधी कढत पाणी ओतीत, मग कोरडी करून तेल लावीत. ज्याने नुसते तेल लावले, त्याची नळी कोकणातल्या एका पावसाळ्यात आतून पोखरली जाई. तेव्हा रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करून, बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरावी. आटे कडेपर्यंत स्वच्छ आणि धारदार दिसले तर ठीक. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर लाकूड कितीही देखणे असो, ती नळी जायबंदी आहे. रायफलीबरोबर मालक जुनी काडतुसेही देऊ करील. हिरवट पडलेली, गळ्याशी चिरलेली काडतुसे घेऊच नयेत. आणि बार फुसका गेला तर लगेच बोल्ट उघडू नये. नळी निर्धोक दिशेला धरून थोडा वेळ थांबावे, कारण जुनी दारू कधीकधी उशिराने पेट घेते.

व्यवहारही चोख हवा. घेणाऱ्याजवळ त्या हत्याराचा परवाना पाहिजे. दोन परवानाधारकांत खाजगी विक्री ठरली, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावयाचे असते. नळीवरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी एकेक आकडा करून ताडून पाहावा. एका आकड्याची चूकसुद्धा पुढे निस्तरता निस्तरता नाकी नऊ आणते.

वाचकहो, म्हणून सांगतो, किंमत सर्वांत शेवटी विचारा. आधी चष्मा लावून, मिस्त्रीला शेजारी बसवून, नळीवरचे सगळे आकडे एका कागदावर उतरून घ्या : माप, शिक्के, दारूचे वजन, क्रमांक. हा कागद परवान्याजवळच ठेवा. पुढे ती रायफल मुलाच्या किंवा नातवाच्या हाती जाईल, तेव्हा कोणते काडतूस तिच्यात घालावयाचे आणि कोणते कधीही घालावयाचे नाही, हे त्याला त्या कागदावरून कळेल.